गुरुजींच्या गाडीचं मडगार्ड

एटापल्लीहून, म्हणजे सासुरवाडीहून परत येताना एका रानडुकराने माझ्या गाडीचं डावं मडगार्ड फाडलं. डुक्कर उठून चालतं झालं. मडगार्ड मात्र गेलं ते गेलंच. गाडी इतकी जुनी की तिचे सुटे भाग मिळणं कधीच बंद झालेलं. मेकॅनिक म्हणाला, "भाऊ, गाडीच बदला." असं कोणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. मी राजुऱ्यात पंपांच्या जळालेल्या मोटारी दुरुस्त करतो, आणि हात चालतो म्हणजे डोकंही चालतंच, असा माझा जुना गैरसमज आहे. मोबाइलवर चार व्हिडिओ पाहिले आणि फायबरचं मडगार्ड घरीच करायचं ठरवून टाकलं.

त्यासाठी आधी अस्सल मडगार्ड लागतं. चिकटू नये म्हणून त्यावर मेणाचे सात-आठ हात द्यायचे, वरून काचेच्या धाग्यांची चटई आणि रेझिन, म्हणजे वाळून दगड होणारा चीक, चढवायचं, कडक झालं की सोलून काढायचं. हा झाला साचा; त्यात मग नवं मडगार्ड घडवायचं. माझ्या गाडीसारखी दुसरी गावात फक्त माझ्या शाळेतल्या गुरुजींकडे होती. मोतीबिंदूमुळे त्यांनी ती दोन वर्षं चालवली नव्हती, तरी रोज सकाळी चाचपडत पुसायचे. सोमवारी चंद्रपूरला त्यांचं ऑपरेशन होतं आणि त्यांच्याच गाडीतून मी त्यांना नेणार होतो. मी तिचं डावं मडगार्ड उसनं मागितलं.

"ने बापा," गुरुजी म्हणाले, "पण सोमवारच्या आत जसंच्या तसं आणून दे. तुया काकूच्या पसंतीचा रंग आहे तो. पट्टी निघाली की मले पयले तोच पाहाचा आहे."

काकूंना जाऊन तीन वर्षं झाली होती. मी छातीवर हात ठेवून हो म्हणालो.

अर्ध्या मडगार्डापर्यंत आलो आणि मेणाचा डबा संपला. दुकानात जायचं सोडून मी स्वयंपाकघरात गेलो. तिथे सासूबाईंनी दिलेलं मोहाच्या बियांचं तेल होतं, थंडीने तुपासारखं गोठलेलं. मेण आणि हे, फरक काय? मी ते खालच्या अर्ध्या भागाला फासलं. बायको म्हणाली, "ते तेल पायाच्या भेगाले आणलं होतं." मी म्हटलं, विज्ञान तुला कळायचं नाही.

विज्ञान मलाच कळलं नव्हतं. रेझिन कडक होताना चांगलंच तापतं. तेल वितळून गेलं आणि रेझिनने काकूंच्या पसंतीच्या रंगाला घट्ट मिठी मारली. वरचा अर्धा भाग छान सुटला. खालचा सुटेना, म्हणून पाचर ठोकून ओढला, तर रंग पत्र्यावरून साच्यावर आला आणि साच्याचेही दोन तुकडे झाले.

रविवारभर मी रंग कालवत बसलो. गाडी वांग्याच्या रंगाची, माझं मिश्रण वाळल्या मिरचीकडे झुकणारं. संध्याकाळी मडगार्ड बसवून दिलं. गुरुजींनी त्यावरून तळवा फिरवला.

"गुळगुळीत आहे बे. शाबास!"

तेव्हाच बोलायला हवं होतं. मी "येतो गुरुजी" म्हणून सटकलो.

"ज्याले दिसत नाई त्याले फसवून राह्यले तुम्ही," बायको म्हणाली, आणि जेवताना तिने मला दुसऱ्यांदा भात विचारला नाही.

सोमवारी ऑपरेशन झालं. मंगळवारी पट्टी काढताना डॉक्टर उत्साहाने म्हणाले, "आता रंग असे खुलून दिसतील, बघाच!" मी खिडकीतून खाली गाडीकडे पाहिलं. गुरुजी काळा चष्मा लावून बाहेर आले, दवाखान्याच्या पायऱ्यांवर थांबले, आणि खाली उभ्या गाडीकडे पाहून त्यांनी चष्मा थोडा वर केला.

त्यांनी काही विचारायच्या आत मी एका दमात सगळं ओकून टाकलं. मेण, तेल, पाचर, रविवार. आवाज शाळेतल्यासारखा बारीक झाला होता. लाज वाटत होती, खरोखर.

गुरुजींनी पायऱ्यांवरूनच मडगार्ड वरून खालपर्यंत निरखलं.

"आन तुया गाडीचं झालं का मंग?"

"नाही गुरुजी. साचाच फुटला."

"म्हणजे दोन्ही गाड्यायचं वाटोळं केलं. तुयी काकू असती ना, तिनं तुले गाडीजवळ उभं केलं असतं आन येणाऱ्या-जाणाऱ्याले बोलावून दाखवलं असतं, पाहा हा इंजिनियर!" आणि ते हसायला लागले. डोळ्यावर ताण येईल म्हणून आतली सिस्टर धावत आली आणि मलाच रागावली. गुरुजींना हसू आवरेना. चष्म्याखालून पाणी आलं, ते त्यांनी पुसलं नाही, डोळ्याला हात लावायचा नव्हता.

मग पायऱ्या उतरायला निघाले. पायऱ्या त्यांना आता स्पष्ट दिसत होत्या. तरी त्यांनी माझा खांदा धरला.