सिराजचा श्वास

दुपार कलली आहे. हेडफोन कानांवर असतानाच निनाद मगदूमला पेंग येते. कानात सिराज बागवान गातोय. गातोय म्हणजे पोटातून गुरगुरतोय. डेथ मेटलमध्ये तसंच गातात. डेंग्यूनं सिराजला नेलं त्याला वर्ष होत आलं, आणि दोघांचा अल्बम अजून निनादच्या कॉम्प्युटरमध्ये पडून आहे. सिराजच्या मामाकडे जुन्या कॅसेटी होत्या. कुठकुठल्या पोरांनी घरच्या घरी टेप करून पोस्टानं एकमेकांना धाडलेल्या, कळकट, खरखरणाऱ्या. त्या अनोळखी पोरांना सलाम म्हणून हा अल्बम त्याच ढंगात करायचा होता. शेवटचं एक गाणं तेवढं राहिलं. गिटार आहे, ड्रम्स आहेत, आवाज नाही.

डोळे मिटतात आणि ड्रम्सचा खडखडाट यंत्रमागांचा होतो.

इचलकरंजीतला, सिराजच्या अब्बांचा कारखाना. सगळे माग चालू आहेत, पण एकावरही सूत नाही. सिराज खिडकीच्या कट्ट्यावर बसून पायानं ठेका धरतोय. अंगात दवाखान्यातला हिरवा झगा. निनादला त्याचं काही वाटत नाही.

"ऐकलास काय?" निनाद विचारतो.

"ऐकलं की. लई गुळगुळीत केलायस."

निनाद समजावू लागतो, की कुठंही पॉलिश मारलेलं नाही, मामाच्या कॅसेटींसारखी खरखर आहे तशी ठेवलीय. सिराज मान हलवतो.

"खरखर हाय. माझा श्वास कुठं हाय?"

दोन ओळींच्या मधे सिराज घ्यायचा तो श्वास निनादनं एकूण एक गाण्यातून कापून टाकलाय. गुरगुरणं ऐकवतं, ते गाणं असतं. श्वास ऐकला की वाटतं, पोरगा मागंच उभा आहे.

"मला सोसत नव्हतं रे."

"म्हाईत हाय मला," सिराज हळूच म्हणतो.

मागांच्या जागी आता खाटा आहेत. वॉर्ड रिकामा आहे. सलाइनच्या दांडीला माइक लटकतोय. शेवटचं गाणं तू म्हण, असं सिराज सांगतो, जसं काही चहा आण म्हणतोय. निनाद नाही म्हणतो. हा आवाज आपला नाही, आपण म्हटलं की तू गेलास हे पक्कं होईल, असं काहीबाही बोलतो. सिराज ऐकून घेतो आणि त्याच्या पोटावर तळवा ठेवतो. तळवा तापानं भाजतोय.

"हितनं काढ. गळ्यातनं काढलास तर मरशील." आणि स्वतःच्याच बोलण्यावर फिसकन हसतो.

दोघं गाऊ लागतात. खाटा थरथरतात. सुरुवातीला सिराजचा आवाज वर असतो, मग बरोबरीनं, मग खाली. निनादला थांबून बघायचंय, पण पोटावरचा हात थांबू देत नाही. शेवटच्या ओळीला तो एकटाच असतो. समोरच्या खाटेवर चादर नीट घातलेली.

आई त्याला हलवतेय.

"कुणावर वरडत हुतास एवढं?"

कुणावर नाही, असं सांगायला तो तोंड उघडतो. आवाज फुटत नाही. घसा सोलून निघालाय. खोकला येतो तसा तो तोंडावर हात धरतो. तळहातावर थुंकी, आणि तिच्यात रक्ताची बारीक रेघ.

आईला दिसायच्या आत तो मूठ मिटतो, अलगद, ती रेघ पुसली जाणार नाही अशी.