पहिलं नको

अमेरिकेत पिस्कॅटवेला आम्ही राहायचो तिथून पायी दहा मिनिटांवर दुकानांची एक बुटकी रांग होती. एका टोकाला नाणी टाकून कपडे धुण्याचं दुकान, दुसऱ्या टोकाला विम्याचं ऑफिस आणि मध्ये एक कोरियन खानावळ. पाटीवर रेस्टॉरंट असं लिहिलेलं होतं, पण त्यासाठी लागणारा आव तिच्यात अजिबात नव्हता. आठ टेबलं आणि काउंटरवर एक टीव्ही, जो कुणी बघत नसे आणि कुणी बंदही करत नसे. मालकीणबाई साठीला टेकलेल्या, ठेंगण्या, कुरळ्या केसांच्या. त्यांचा नवरा आत रांधायचा. चार वर्षांत मी त्या गृहस्थांचा फक्त उजवा हात पाहिला. भिंतीतल्या चौकोनी खिडकीतून तो बशी पुढे सरकवायचा आणि परत आत जायचा.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावरची ही गोष्ट. मी एका प्रयोगशाळेत नोकरीला होतो, बायको विद्यापीठात शिकत होती. त्या खानावळीत पहिल्यांदा गेलो तो एकटाच. मागवलेला भात यायच्या आधीच बाईंनी माझ्यापुढे सहा छोट्या बशा मांडल्या. तिळाच्या तेलातला पालक, मोड आलेलं सोयाबीन, मुळा, कोबीचं लालभडक आंबवलेलं लोणचं, असं काय काय. पानात काही टाकायचं नाही, या एका नियमावर मी लहानाचा मोठा झालेलो. सगळं संपवलं. बाईंनी बशा पुन्हा भरल्या. मी पुन्हा संपवलं. असं तीनदा झालं. शेवटी भात आला तेव्हा माझ्या पोटात त्याला जागा उरली नव्हती, तरी तोही संपवला आणि घरी जाऊन आडवा झालो. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेतल्या कोरियन सहकाऱ्याने हसू आवरत समजावलं: रिकामी बशी म्हणजे आणखी हवंय. पुरे झालं असेल तर थोडंसं बशीत ठेवायचं. हे समजायला सोपं होतं. पाळायला मला वर्ष लागलं.

पुढच्या वर्षी जूनमध्ये वेंगुर्ल्याहून आई आली. बायकोला दिवस गेले होते, नोव्हेंबरच्या सुरुवातीची तारीख होती. बायकोला आई नव्हती, त्यामुळे बाळंतपणाला माझी आई येणार हे न बोलता ठरलेलं होतं. जानेवारीचं परतीचं तिकीट घेऊन ती आली, सोबत तिरफळं, कोकम आणि कामाचा प्रचंड उत्साह.

दुसऱ्याच आठवड्यात तिने मासे तळले आणि छतावरचा धुराचा अलार्म कोकलायला लागला. शेजारचे अमेरिकन गृहस्थ दारात येऊन अत्यंत सभ्यपणे विचारून गेले की सगळं ठीक आहे ना. तो सभ्यपणाच तिला लागला. त्यानंतर तिने घरात मासे तळणं बंद केलं. बायकोला तेव्हा दहीभात आणि टोस्ट याखेरीज काही सोसत नव्हतं. मला डॉक्टरांनी वजनावरून झापलेलं. त्यामुळे आईने डाव पुढे केला की आम्ही दोघं एका सुरात म्हणायचो, “नको.” आणि आमचं नको खरंच नको असायचं.

आमच्या घरी तसं नसे. पाहुण्याचं पहिलं नको कुणी ऐकतच नसे, ते नुसतं रीत म्हणून म्हणायचं. दुसऱ्या नकोचा विचार व्हायचा. तिसऱ्या नकोला, तेही दोन्ही हात पानावर आडवे धरले असतील तर, आई थांबायची. बोटांत फट दिसली तर नाही. एवढं करून तिला स्वतःला कुणी आग्रह केल्याचं मला आठवत नाही. ती सगळ्यांच्या मागून, भांड्यात उरलेलं घेऊन जेवायची.

गणपतीत आम्ही तिला मराठी मंडळाच्या अध्यक्षांकडे नेलं. त्यांनी आधी घर दाखवलं, मग बेसमेंट, मग गॅरेजचं आपोआप उघडणारं दार, तेही दोनदा. नंतर मराठी संस्कृती टिकवण्यावर पाऊण तास बोलले, बरंचसं इंग्रजीत. मग कागदी प्लेटा आल्या. आईने संकोचाने दोन पुऱ्या घेतल्या. अध्यक्षांच्या सूनबाई पुऱ्यांचा ट्रे घेऊन आल्या.

“काकू, आणखी पुरी?”

“नको, नको.”

“ओके काकू!” असं गोड हसून त्या पुढच्या टेबलाकडे गेल्या. आई त्यांच्या पाठीकडे बघत राहिली. घरी आल्यावर तिने सिंकपाशी उभ्या उभ्या दोन केळी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना ती म्हणाली, “माझं तिकीट अलीकडचं करून घे. ऑक्टोबरमधलं.”

“आणि बाळंतपण?”

“इथली हॉस्पिटलं चांगली आहेत. तूच सांगत असतोस सगळ्यांना.”

“पण झालं काय?”

“काही झालं नाही. काही होतच नाही, तेच तर. मी इथे बसून करू काय? कपडे यंत्र धुतं, भांडी यंत्र घासतं, जेवायला तुम्हाला दोघांना काही नको असतं.”

बायकोला विद्यापीठात सोडताना मी गाडीत हे सांगितलं.

“मला भीती वाटते रे,” ती म्हणाली. “आई असल्या की कमी वाटते. पण हे त्यांना सांगू नकोस. सांगितलं तर त्या माझ्यासाठी म्हणून राहतील, मन मारून. त्यांना स्वतःला राहावंसं वाटलं तर ठीक.”

“मग मी काय करू?”

“आधी त्यांना जेवायला घाल कुठेतरी. मासे वगैरे. ती तुझी कोरियन बाई आहे ना?”

“तू येशील? मासळीचा वास?”

“मी खिडकीशी बसेन,” आमची पुण्याची, शाकाहारी बायको म्हणाली. तिने लग्नानंतर केलेला तो सर्वात मोठा त्याग असावा.

शनिवारी दुपारी गेलो. आई नऊवारीवर माझा जुना स्वेटर आणि पायात कॅनव्हासचे बूट, अशा वेशात. दारातच तिने मान वर केली. “अरे, इथे कुणीतरी सुकं परततंय.”

सहा बशांपैकी एकीत नखाएवढे सुके मासे होते, चकचकीत पाकात घोळवलेले. आईने एक उचलून उजेडात धरला. “ही सुकट आहे. सुकटीला साखर?” तिने खाल्ला. आणखी दोन खाल्ले. “वाईट नाही लागत. पण चूक आहे.”

मग बांगडा आला. उभा चिरून उघडलेला, नुसतं मीठ लावून भाजलेला, कडा कुरकुरीत झालेल्या. मी मुद्दाम काही बोललो नव्हतो. आईने बशी जवळ ओढली, मासा उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

“डोकं कुठाय याचं?”

“इथे काढून टाकतात.”

“टाकतात?” ती म्हणाली, पण तोवर तिने चॉपस्टिक्स बाजूला सारल्या होत्या. एकदा इकडेतिकडे बघून तिने हाताने खायला सुरुवात केली. काउंटरमागून बाई बघत होत्या. त्यांनी एक ओला नॅपकिन आणून आईच्या डाव्या हाताशी ठेवला आणि काही न बोलता परत गेल्या.

बशा रिकाम्या व्हायला लागल्या. बायकोने खिडकीपासून सूचना केली, “आई, सगळं संपवू नका. संपवलं की त्या परत आणतात. थोडं ठेवायचं असतं.”

“ठेवायचं? मुद्दाम?”

“एकच तुकडा.”

“एक तुकडा ठेवणं म्हणजे टाकणंच की गं.” आईने एकेक बशी पुसून घेतली. बाईंनी सगळ्या भरून आणल्या. आईने संपवल्या. बाईंनी भरल्या. टीव्हीवर कुठलीशी कवायत चालली होती; इथे त्याहून शिस्तीत चाललं होतं. चौथ्या वेळी बाई सुकट घेऊन आल्या तेव्हा आई म्हणाली, “नको, नको. नो. बास.”

बाई थांबल्या. मला वाटलं, आता या ओके म्हणणार आणि ट्रे घेऊन वळणार, मग ऑक्टोबरचं तिकीट. आईने सवयीने दोन्ही हात बशीवर आडवे धरले. बाईंनी मोकळ्या हाताने आईचा डावा हात मनगटाला धरून उचलला, पातेल्यावरचं झाकण उचलावं तसा. खाली सुकट वाढली आणि हात पुन्हा होता तिथे ठेवून दिला.

“ईट,” त्या म्हणाल्या. “टू थिन.”

आई हडकुळी नव्हती. गेल्या तीस वर्षांत तिला कुणी तसं म्हटलं नसावं. तिने माझ्याकडे पाहिलं. जन्मभर गोलंदाजी केलेल्या माणसाच्या हातात अचानक कुणी बॅट द्यावी, तसा तिचा चेहरा झाला होता. मग ती निमूटपणे जेवली. जेवण झाल्यावर मला म्हणाली, “हिला विचार, हिला सुट्टी कधी असते.”

“कशाला?”

“जेवायला बोलवायचंय. हिच्याकडे एवढं खाऊन तशीच वेंगुर्ल्याला जाऊ?”

मी विचारलं. बाईंनी हात हलवला. “नो हॉलिडे. एव्हरी डे ओपन.” मग थोडा विचार केला. “थँक्सगिव्हिंग. वन डे.”

“ते कधी असतं?” आईने विचारलं.

“नोव्हेंबरच्या शेवटी, गुरुवारी.” हे सांगताना मी बायकोकडे बघायचं टाळलं. ती खिडकीबाहेर कपडे धुण्याचं दुकान फार रस घेऊन बघत होती.

“म्हणजे ते ऑक्टोबरचं तिकीट—” आईने आठवण काढली.

“मी अजून फोन केलेला नाही.”

“एक काम वेळेवर करशील तर शपथ,” आई म्हणाली. “राहू दे आता. करू नकोस.”

उठताना बाईंचं लक्ष बायकोच्या पोटाकडे गेलं. त्यांनी बोटांवर महिने मोजून दाखवले, बायकोने मान हलवली. “बेबी, देन सूप,” बाई म्हणाल्या, आणि हातांनी मोठ्या पातेल्याचा आकार केला.

त्यानंतर दुपारी तीनच्या सुमारास आई एकटीच चालत तिकडे जायला लागली. त्या वेळी गिऱ्हाईक नसे. एकदा मी न्यायला गेलो तर दोघी कोपऱ्यातल्या टेबलाशी बसून मोड आलेलं सोयाबीन निवडत होत्या. एक मराठीत बोलत होती, दुसरी कोरियनमध्ये. अधूनमधून खिडकीतून तो उजवा हात येऊन निवडलेलं घेऊन जात होता. “काय बोलत होता?” मी परतताना विचारलं. “बायकांचं,” आई म्हणाली.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात मुलगी झाली. पहाटे बायकोला हॉस्पिटलात नेताना मागच्या सीटवर आई तिचा हात धरून बसली होती, आणि मी लाल दिव्याला थांबलो म्हणून मला ओरडत होती.

थँक्सगिव्हिंगच्या गुरुवारी आईने सकाळपासून स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. मला एक टॉवेल दिला आणि अलार्मखाली उभं केलं; ती सुरमई तळत असताना मी तासभर छताला वारा घालत होतो. अलार्म तरीही वाजला. पण त्या दिवशी इमारतीत घरोघरी टर्की भाजत होते आणि आमच्याआधी तिघांचे वाजून झाले होते. सभ्य शेजाऱ्यांचा तर दोनदा.

बाई बाराला आल्या, एकट्या, सोबत भलंमोठं पातेलं. नवरा का आला नाही असं विचारल्यावर म्हणाल्या, “स्लीप.” पातेल्यात समुद्रातल्या शेवाळाचं हिरवंकाळं सूप होतं. बाळंतिणीने हे रोज प्यायचं, तीन आठवडे. आईने ते हुंगलं आणि तिच्याकडच्या आळिवाच्या खिरीची वाटी शेजारी आणून ठेवली. बायकोने दोघींच्या नजरेखाली दोन्ही संपवलं. मला हळूच म्हणाली, “सूप बरंय. हे आईंना सांगितलंस तर बघ.”

मग बाई जेवायला बसल्या. सुरमई, सोलकढी, भात, वडे. बाईंनी ताट स्वच्छ केलं. आईने वाढलं. पुन्हा स्वच्छ केलं. आईने वाढलं. तिसऱ्यांदा बाई म्हणाल्या, “नो, नो,” आणि हात आडवे धरले. आईने एकदा माझ्याकडे बघितलं, मग त्यांचं डावं मनगट उचललं, खाली सुरमईचा तुकडा ठेवला आणि हात परत जागेवर ठेवून दिला. बाई इतक्या मोठ्याने हसल्या की पाळण्यातली पोरगी दचकली.

चौथ्यांदा आई डाव घेऊन आली तेव्हा ताटात सुरमईचा बोटभर तुकडा राहिला होता. बाईंनी चमचा त्याच्या शेजारी नीट आडवा ठेवला होता आणि त्या समोर बघत होत्या. आई डाव हातात धरून उभी राहिली. तिला कळलं होतं. तरी ताटात टाकलेलं अन्न ती बघू शकत नव्हती, तेही आम्हाला कळत होतं.

“बरं,” ती म्हणाली. “झालं पोट हिचं.”

निघताना तिने बाईंना डबे बांधून दिले, त्या उजव्या हातासाठी म्हणून. सगळ्यात वरच्या डब्यात, वड्यांवर, फॉइलमध्ये गुंडाळलेला तो बोटभर तुकडा होता.