सरांनी विहीणबाईंना केलेला फोन

सर आज सकाळी गेले.
आवाज तर त्यांचा आधीच गेला होता.

गंगाधर सर वसमतला आमच्या कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचे. मी कॉलेज अर्ध्यात सोडलं. मग कधी नांदेड, कधी कुणाच्या डीजेच्या गाडीवर, कधी उगाच कुठंतरी. पण परत आलो की सरांच्याच ओसरीत.

रिटायर झाल्यावर सरांच्या घशाचं ऑपरेशन झालं. स्वरयंत्रच काढावं लागलं.

मग गळ्याला लावायचं एक मशीन आलं, छोट्या टॉर्चएवढं. बटण दाबलं की घर्रर्र व्हायचं, अन् सर ओठ हलवून त्या घरघरीचे शब्द करायचे.
समोर बसलं की कळायचं.
फोनवर नुसती घरघर. लोक कट करायचे.

सरांची एकुलती लेक पल्लवीताई पुसेगावला दिलेली. तिची सासू जुन्या वळणाची. नागपंचमीला लेक माहेरी न्यायची तर माहेरच्यांनी स्वतःच्या तोंडानं विचारायचं. मेसेज चालत नाही.
ताईची आई, आमच्या काकू, असत्या तर त्यांनी विचारलं असतं. त्या आधीच वारल्या. अन् सरांना एसटी झेपत नव्हती.

सरांनी फोन लावला. तिकडून सासूबाई म्हणाल्या, "मशीन बोलून राहिलं काहीतरी." कट.
पुन्हा लावला. पुन्हा कट.

मी म्हणलं, "सर, मी जातो की मुराळी म्हणून. घेऊन येतो ताईला."
सरांनी मशीन गळ्याला लावलं. "तू निघशील पुसेगावला अन् सापडशील शेगावात."
खोटं नव्हतं.

"बस इथं. डिजिटल सिग्नल प्रोसेसिंग शिक. घरघर गाळून फोनवर माझे शब्द पोचले पाहिजेत."
"काहून सर? तुमीच करा की."
"माझा हात थरथरतो. सोल्डरिंग तुझा बाप करणार?"

अशी माझी सुरुवात झाली. ज्या पेपरला मी बसलोच नव्हतो, त्याची.

सॅम्पलिंग त्यांनी हळदीवर शिकवलं. "हळद शिजली का बघायला कढई उपसतो का? काडी टोचून बघतो. तसा आवाज टोचून टोचून बघायचा. फार उशिरानं टोचला तर मधलं काय झालं ते कळणारच न्हाई."

मी म्हणलं, "मग घरघर सगळी कापून टाकू."
"सगळी कापली तर मीच गेलो. माझे शब्द तिच्यातूनच निघतात."

त्यातली थोडी घरघर तोंडात न जाता गळ्यापासून थेट माइकात शिरते. तेवढीच कापायची. ती ओळखायची कशी? तोंड मिटून बटण दाबायचं, रेकॉर्ड करायचं. हा झाला नॉइज. मग बोलण्यातून तो वजा.

लॅपटॉपवर जमलं. मी नाचायलाच लागलो.
सर म्हणाले, "हे फायलीवर झालं. बोलता बोलता व्हायला पाहिजे."

मग बोर्ड आणला. माइक, चिप, वायरी. चार्जर लावला की वेगळीच गुणगुण, म्हणून बॅटरीवर घेतलं. मधेच मी डोंगरकडा गावाला केळीच्या गाडीवर गेलो, ते सोडा.

परत आलो तरी शब्द तुटतच होते. 'पंचमी'चं 'पं… मी'. पंचमी जवळ येऊन राहिली होती. सर बोलायचेच कमी झाले.

शेवटी वैतागून मी नॉइजची फाईल कानाला लावून ऐकली.
घर्रर्र… मग शेजारच्या मावशी: "सर, जेवलात का?"
अन् सर, बटण दाबूनच: "हो, जेवलो. या, बसा."

म्हणजे चिप सरांचा आवाजच नॉइज समजून कापत होती!

"सर, तोंड मिटायचं होतं ना!"
"माणसानं जेवलात का विचारल्यावर गप्प बसू?"

दार लावून पुन्हा रेकॉर्ड केलं.

फोन करायच्या दिवशी सरांनी इस्त्रीचा शर्ट घातला. नुसत्या फोनसाठी.

"नमस्कार विहीणबाई. मी गंगाधर. पल्लवीला पंचमीला पाठवता का?"

आवाज डब्यातून आल्यासारखा होता. पण शब्द होते.
या वेळी सासूबाईंनी कट केला नाही.
मग, "अगं बाई, इव्हाई? तुमी व्हय? आवाज असा कसा झाला?"
"आता असाच आहे."
"असू द्या, असू द्या. तुमी स्वतः विचारलं, मग पाठवते की."

सर नुसतीच मान हलवत राहिले.
मी म्हणलं, "सर, फोन आहे. मान दिसत न्हाई त्यांना."
तेव्हा कुठं बटण दाबलं. "हो. हो."

पंचमीला ताई आली. बोर्ड कोणी काढलाच नाही. बापलेक दिवसभर ओसरीत त्याच घरघरीत बोलत बसले. तिला सगळं कळत होतं.

आज तिचाच फोन आला. मी हिंगोलीच्या स्टँडवर बसलोय, वसमतची गाडी लागत नाही. रडायचंही त्राण नाही, म्हणून हे टाइप करतोय.

सर, जे विचारायचं होतं ते तुम्ही स्वतःच्या तोंडानं विचारलंत.
आता आराम करा. कोणी 'जेवलात का' विचारलं तरी उत्तर देऊ नका.