दोन खाचा कमी

आमच्या मामांना भिंत दिसली की धीर यायचा. उन्हात माणसं सावली शोधतात, मामा भिंत शोधायचे. खानावळीत गेले तरी भिंतीला खेटून बसायचे आणि तेही उजवं अंग भिंतीकडे करून. कारण त्यांच्या ट्रकची डिझेलची टाकी उजव्या अंगाला होती. ट्रक उभा करताना ती बाजू ते भिंतीला अशी चिकटवायचे की मधून जाणाऱ्या मांजराला पोट आत ओढून घ्यावं लागे. ड्रायव्हरचं दारही त्याच बाजूला. त्यामुळे मामांना स्वतःलाच उतरता यायचं नाही. मग गिअरच्या दांड्यावरून सरपटत पलीकडच्या दाराने बाहेर. साठीच्या घरातला माणूस रोज संध्याकाळी स्वतःच्या गाडीतून चोरासारखा बाहेर पडतो, हे बघून लोक हसायचे.

मामी म्हणायच्या, "माझ्याशी बोलतानासुद्धा यांचं अर्धं अंग भिंतीकडे. मी काय नळी घालून डिझेल ओढणार आहे?"

पण मामांची भीती पोकळ नव्हती. तरुणपणी एकदा ते ट्रकमध्येच गाढ झोपले होते. सकाळी निघाले आणि ऐन चढावर गाडी बंद पडली. टाकी उघडून बघतात तर आत फक्त वास शिल्लक. तेव्हापासून झाकणाला कुलूप आलं, भिंत आली आणि काठी आली. काठी साधीच, हातभर लांब, बोटाबोटावर खाचा पाडलेली. संध्याकाळी ट्रकतळाच्या फाटकाशी, सपाट जागेवर थांबून मामा ती टाकीत बुडवायचे, मगच गाडी भिंतीला लावायचे. एकदा लावली की झाकणाशी हात पोचायचाच नाही. सकाळी गाडी फाटकाशी आणून पुन्हा काठी. एक खाचही कधी कमी भरली नाही. तळावरचे ड्रायव्हर त्यांना उस्ताद म्हणायचे आणि त्यांच्या काठीची शपथ घ्यायचे.

तळावर रात्रीचा पहारा खोकलेबुवांचा. खरं नाव पगाराच्या कागदावर असेल, तळावर मात्र खोकलेबुवाच. फेरी मारताना ते दर पाचव्या ट्रकपाशी खोकायचे. आजार वगैरे काही नाही. "चोराला कळलं पाहिजे, माणूस जागा आहे," असं त्यांचं म्हणणं. "पकडण्यापेक्षा पळवलेला बरा. पकडला तर त्याला मारावं लागतं." वीस वर्षांत मामा आणि बुवा यांचं भांडण झालं नव्हतं. टाकीच्या कुलपाची दुसरी किल्ली बुवांकडे असायची, अडीनडीला असावी म्हणून. मामींकडे घराची दुसरी किल्ली होती, टाकीची नव्हती. त्यावरून काय ते समजा.

एका वर्षी तळाची ती भिंत पाडून नवी बांधायला काढली. मामांना गाड्या धुवायच्या हौदापाशी जागा मिळाली. जागा तशी झकास, धुतलेलं पाणी न सांगता गटाराकडे निघून जायचं. पण भिंत नाही, त्यामुळे मामांना चैन नाही. एक सोय मात्र झाली. आता झाकण मोकळं होतं. सकाळी गाडी फाटकाशी नेण्याआधी जागच्या जागीच काठी घालता यायची. संध्याकाळची काठी जुन्या सवयीने फाटकाशीच.

पहिल्या सकाळी दोन खाचा कमी.

मामांनी काठी पुसून पुन्हा घातली. दोन खाचा कमी. दुसऱ्या सकाळी तेच, तिसऱ्या सकाळी तेच. कुलूप शाबूत, तारेचा ओरखडा नाही, जमिनीवर थेंब नाही. गंमत म्हणजे त्याच दिवसांत गाडी कमी डिझेल पिऊ लागली होती. संध्याकाळी काठी अपेक्षेपेक्षा जास्त भरायची. त्याचं श्रेय मामांनी स्वतः बसवलेल्या नव्या फिल्टरला देऊन टाकलं. कमी भरलं की चोर आणि जास्त भरलं की आपण हुशार, हा हिशेब काही एकट्या मामांचा नाही.

चौथ्या सकाळी नळावर दहा-बारा ड्रायव्हर तोंड धूत होते. मामा काठी हातात घेऊन बुवांसमोर उभे राहिले.

"बुवा, कुलपाला किल्ल्या किती?"

"दोन."

"एक माझ्याकडे. दुसरी कुणाकडे?"

बुवा हसले. मस्करी वाटली असावी. मग त्यांनी काठीकडे बघितलं.

"उस्ताद, नीट बघितलंत?"

"चार दिवस बघतोय. काठी खोटं बोलत नाही."

नळावर कुणीतरी चूळ भरायचं थांबलं. बुवांनी खिशातून किल्ली काढली, सदऱ्याला पुसली आणि ट्रकच्या बंपरवर ठेवली. मग फाटकाकडे चालू लागले. खोकलेही नाहीत. दुपारपर्यंत तळाच्या व्यवस्थापकांच्या कानावर गेलं आणि संध्याकाळी बुवांना सांगण्यात आलं की उद्यापासून येऊ नका.

त्यांच्या जागी एक पैलवान आला. छाती अशी की शर्टाच्या गुंड्या जीव मुठीत धरून बसलेल्या. सोबत कुत्राही होता. पहिल्या रात्रीनंतर मामांनी काठी घातली. नवा पैलवान, नवा कुत्रा आणि त्याच दोन खाचा.

मामांनी काठी पुसून ठेवली. किल्ल्या आता दोन्ही त्यांच्याच खिशात होत्या. मग झाकण लावलं की नाही याची शंका येऊन, गाडी फाटकाशी नेल्यावर ते खाली उतरले. झाकण लावलेलं होतं. हात थांबेना म्हणून काठी घातली. डिझेल भरलेलं. दोन खाचा परत आलेल्या.

त्यांनी मागे वळून हौदाकडे बघितलं. कुणीतरी गाडी धूत होतं. पाणी मामांच्या जागेवरून, न सांगता, गटाराकडे चाललं होतं.

आमचे मामा शिकलेले नव्हते. पण ताट तिरकं धरलं की आमटी एका बाजूला जाते, हे कळायला शाळा लागत नाही.

त्या दिवशी त्यांनी ट्रक फाटकातच आडवा लावला, टाकीची बाजू रस्त्याकडे. नळावरच्या सगळ्यांना बोलावलं आणि जे झालं ते सांगितलं. टायरवाला म्हणाला, "म्हणजे उस्ताद, डिझेल रात्री उताराला जाऊन झोपायचं." सगळे हसले. मामांनी हसू दिलं. व्यवस्थापक म्हणाले, "झालं गेलं, आता नवा माणूस ठेवलाय." मामा म्हणाले, "मग ही गाडी इथेच." दोन तासांत मागे सतरा ट्रक भोंगे वाजवत होते. पैलवानाला दिवसपाळी मिळाली, रात्रपाळी पुन्हा बुवांची.

पण ते सोपं होतं. अवघड होतं ते बुवांचं दार. ते त्यांच्या बायकोने उघडलं.

"आलात? काठी घेऊन आलात, की नुसतेच?"

बुवा आत स्टुलाचा मोडका पाय बसवत होते. मामांनी उभ्यानेच सगळं सांगितलं. उताराचं, फिल्टरचंसुद्धा. शेवटी म्हणाले, "चुकलो, बुवा."

बुवांनी स्टूल जमिनीवर ठेवून हलवून बघितलं. "उताराचं मलाही सुचलं नसतं," ते म्हणाले. "पण तुम्ही विचारलं असतंत, तर दोघांनी मिळून शोधलं असतं. तुम्ही विचारलंच नाहीत. सांगितलंत."

बुवा कामावर आले, पण किल्ली त्यांनी घेतली नाही. "तुमच्याकडेच बरी," एवढंच म्हणाले. पूर्वी मामा काठी घालायचे तेव्हा बुवा दुसरीकडे बघायचे, मित्राच्या ताटात बघू नये तसं. आता रोज संध्याकाळी फाटकाशी येऊन उभे राहायचे. काठी बाहेर आली की खाच बघायचे, म्हणायचे, "बघितलं," आणि निघून जायचे. नवी भिंत उभी राहिली, मामांची गाडी पुन्हा तिला चिकटली, तरी हे चालूच. मामांनी त्याबद्दल कधी तक्रार केली नाही. फक्त मामींनी एकदा सांगितलं, "हल्ली घरी भिंतीकडे बसत नाहीत. मधोमध बसतात."

असं दीड वर्ष गेलं. मग मामांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डोळ्यावर पट्टी, पंधरा दिवस गाडी बंद. तिसऱ्या दिवशी दुपारी जिन्यात खोकला ऐकू आला. दर पाचव्या पायरीला एक.

बुवा आत आले, बसले, पाणी प्यायले. डोळ्याची चौकशी केली. मग म्हणाले, "गाडी पंधरा दिवस उभी राहणार. किल्ली असू द्या माझ्याकडे."

मामा उठले. एका डोळ्याने खिसे चाचपू लागले, कपाट उघडलं, पुन्हा खिसे. किल्ली हातातच होती. ती देताना म्हणाले, "काठीपण नेता का? रोज बघता येईल."

"काठी राहू द्या," बुवा म्हणाले. "आधी सांगा, तुमचा हा पलंग तरी सपाट जागेवर आहे ना? नाहीतर उद्या सकाळी म्हणाल, मामी दोन खाचा कमी भरल्या."

मामी आतून म्हणाल्या, "भरल्या तर भरल्या. निदान विचारा म्हणावं आधी."

मामांनी पट्टीखालून डोळा पुसला. डॉक्टरांनी तिथे हात लावू नका म्हणून बजावलं होतं.