‘मी’चा ‘ही’ करताना

"सर, तुमच्या कागदात तर कौसाबाईंनीच बांध फोडलाय!"

आमच्या टायपिस्ट सुनंदाताई कागद धरून टेबलाशी उभ्या होत्या. श्रीगोंद्यात मी वकिलांसाठी मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर करतो. शेताचा बांध कुणी फोडला, यावरून कौसाबाई आणि त्यांच्या दिराचा वाद हायकोर्टात गेला होता. तिथं इंग्रजी प्रत लागते. बाईंचे जाधव वकील दुपारी फाईल घेऊन निघणार होते.

कौसाबाईंच्या जबाबात वाक्य होतं, 'दीर म्हणाला, की मी बांध फोडला.' मी शब्दाला शब्द लावला होता : 'ही सेड दॅट आय ब्रोक द बंड.'

"बरोबरच आहे की," मी म्हणालो.

"मराठीत बरोबर आहे, सर. इंग्रजीत हा 'आय' म्हणजे जबाब देणारी बाई. दहावीला इनडायरेक्ट स्पीचमध्ये माझे मार्क असेच गेले होते."

दुसऱ्याचं बोलणं आपल्या तोंडानं सांगायचं, ते इनडायरेक्ट स्पीच. मराठीत त्याचा 'मी' तसाच राहिला तरी चालतो. इंग्रजीत त्याचा 'ही' होतो आणि क्रियापद एक पाऊल मागं जातं. 'ब्रोक'चं 'हॅड ब्रोकन'.

दिराची कबुली मी बहुधा बाईंवरचा आळ करून टाकली होती. पण दिरानं खरंच बाईंवर आळ घेतला, असाही त्या मराठी वाक्याचा अर्थ निघत होता. अंदाजानं दुरुस्ती करणं ही दुसरी चूक झाली असती. वकिलांना फोन लावला.

"बाई इथंच बसल्यात, विचारा," म्हणून त्यांनी फोन कौसाबाईंकडं दिला.

"बाई, बांध कुणी फोडला म्हणाले तुमचे दीर?"

"त्यो सोताच म्हनला, मी फोडला, काय करायचं ते कर! मी कशाला फोडू? माझ्याच कांद्यात पानी घुसलं की ओ!"

सुनंदाताईंनी पान नव्यानं टाइप केलं : 'ही सेड दॅट ही हिमसेल्फ हॅड ब्रोकन द बंड.' मी सही केली. जाधव वकिलांना त्यांची एसटी मिळाली. पुढं सुनावणीत त्या पानावर कुणीही बोट ठेवलं नाही.

मी सुनंदाताईंचे मनापासून आभार मानले. त्या म्हणाल्या, "आभार कसले सर, वाचल्याशिवाय टाइप कसं करायचं?"

एम.ए. इंग्लिशची पाटी माझ्या दारावर आहे. बाईंची अब्रू वाचवली ती दहावीच्या व्याकरणानं. आता माझं प्रत्येक पान आधी सुनंदाताई वाचतात, मग मी सही करतो. आणि 'म्हणाला' शब्द दिसला, की आधी फोन करून विचारतो : 'मी' म्हणजे नक्की कोण?