ग्रीसचं ‘या, या!’

चहा गार झाला तर परत गरम करू, पण आधी हे ऐका. माणसाने गाढवपणा किती करावा याला काही मर्यादा? मी ती ओलांडली, तीही पायात चाकं लावून!

लॉकडाउनचे दिवस. आम्ही मेलबर्नला, क्रेगीबर्नमध्ये. घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे जायची बंदी. त्यामुळे माझ्या जगात माणसं उरली होती तीनच: बायको श्रुती, मुलगी ईरा आणि कुंपणापलीकडचा कोस्टा.

हा कोस्टा जन्माने मेलबर्नचा, रक्ताने ग्रीक. तिशीतला, उंच, दणकट, आणि वर आइस हॉकी खेळणारा. म्हणजे आपली मैदानातली हॉकी नव्हे, बर्फावरची! बर्फाची रिंक बंद, तर हा पठ्ठ्या चाकांचे स्केट्स घालून रोज ड्राइव्हवेवर सराव करायचा. आणि आमची श्रुती ऑफिसची मीटिंग म्यूट करून खिडकीतून बघायची. आता बोला!

मला हेवा वाटायचा. सरळ सांगतो, फार वाटायचा. त्यात एक दिवस बातमी आली की कोस्टाला ग्रीसच्या नॅशनल टीमकडून विचारणा झालीय. ईराने ऑनलाइन वर्गात लगेच जाहीर केलं, “अवर नेबर प्लेज फॉर ग्रीस!”

टीचरने विचारलं, “अँड व्हॉट डज डॅड प्ले?”

“लूडो. ऑन द फोन.”

कोणाचा तिळपापड होणार नाही? माझ्याच घरात, माझ्याच वाय-फायवर!

त्याच दुपारी मी कोस्टाला कुंपणाशी गाठलं. म्हटलं, “तू मेलबर्नचा. ग्रीसच्या टीममध्ये शिरलास कसा?”

तोंडाला मास्क, त्यात पलीकडे कोणीतरी पानं उडवायचं घरघरणारं मशीन लावलेलं. तो बरंच काही बोलला. मला ऐकू आलं एवढंच, “या या, मेट! ग्रीस… या या… अँड आय ॲम इन!”

मी चाट पडलो. “हा ग्रीक शब्द आहे?”

“अस्सल ग्रीक!”

“अरे, आमच्या मराठीतही आहे! घरी कोणी आलं की आम्ही हेच म्हणतो.”

कोस्टा जरा गोंधळला. “कोणालाही?”

“कोणालाही! शेजारी, प्लंबर, पोस्टमन…”

“तुम्ही पोस्टमनला याया म्हणता?”

“अगदी तोंडभरून! नाहीतर लोकांना राग येतो.”

त्याने छातीवर हात ठेवला. मग म्हणाला, “ब्युटिफुल कल्चर, मेट.”

घरात येईपर्यंत माझ्या डोक्यात सगळं लख्ख झालं होतं. ग्रीस म्हणजे उन्हाचा देश. तिकडे बर्फावर खेळणारी माणसं आणणार कुठून? म्हणून दिसेल त्याला ‘या, या’ म्हणतायत!

“मंदार, तू कोथरूडचा आहेस,” श्रुती म्हणाली. “तुझा नि ग्रीसचा काय संबंध?”

“कोस्टा तरी कुठे ग्रीसला जन्मलाय? त्याला या या, मग मला का नको?”

“तुला स्केटिंग येतं?”

“लहानपणी सोसायटीच्या पार्किंगमध्ये करायचो की!”

“दोन दिवस केलंस. आईंनी सांगितलंय मला. तिसऱ्या दिवशी हाताला प्लास्टर होतं.”

पण जळणारा माणूस ऐकतो होय? मी जुने स्केट्स मागवले. शिवाय मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकून दिलं: ‘ग्रीसच्या आइस हॉकी टीमचं बोलावणं आलंय. आशीर्वाद असू द्या.’ अंगठे, फुलं, हात जोडलेले, नुसता पाऊस पडला! अध्यक्षांनी तर सत्काराचं जाहीरही केलं. आता माघार घेतली तर तोंड दाखवायला जागा नव्हती.

मग घरी पाहुण्यांना परवानगी मिळाली, निदान अंगणापुरती. रविवारी दुपारी पाहतो तर कोस्टाच्या बॅकयार्डमध्ये टेबल, खुर्ची, समोर लॅपटॉप. आणि कोस्टाची खणखणीत हाक, “या या! या या! कम ऑन, कोच इज वेटिंग!”

मला आणखी काय हवं होतं?

स्केट्स बांधले, ईराचं गुलाबी सायकल हेल्मेट चढवलं आणि बाजूच्या फाटकातून आत शिरलो. शिरलो म्हणजे काय, उतारावरून घरंगळत गेलो! खुर्ची मध्ये आली म्हणून वाचलो. धप्पकन तिच्यातच बसलो, थेट कॅमेऱ्यासमोर.

पडद्यावर मिशाळ कोच. डोळे बारीक करून म्हणाला, “कोस्टाज याया?”

“येस सर! या या!”

“बॉर्न इन ग्रीस?”

“नो सर. कोथरूड.”

“एज?”

“फोर्टी टू!”

कोचच्या चेहऱ्यावर गणित चाललेलं दिसत होतं. तीस वर्षांचा नातू, बेचाळीस वर्षांची आजी, आणि आजीला दाढी.

तेवढ्यात मागून आवाज आला, “मेट, ती यायाची खुर्ची आहे.”

वळून बघतो तर कोस्टाच्या हाताला धरून एक काळ्या झग्यातली म्हातारी उभी! लॉकडाउनमध्ये एकटी नको म्हणून त्याने तिला नुकतंच आपल्याकडे आणलं होतं.

अहो, याया म्हणजे ग्रीकमध्ये आजी! आजी ग्रीसची, म्हणून कोस्टाला ग्रीसचा पासपोर्ट, आणि पासपोर्ट असला तरच टीमचा दरवाजा उघडणार. तिचे कागद कुठल्या गावात शोधायचे, एवढंच कोचला तिच्याकडून जाणून घ्यायचं होतं. तेवढ्यानेही भागत नाही म्हणे, आधी तिकडे जाऊन खेळावं लागतं. आणि ऑस्ट्रेलियाच्या सीमा तर बंद!

म्हणजे कोस्टाचंही अजून काही पक्कं नव्हतं. मला बरं वाटायला हवं होतं ना? छे! आता मला त्याच्या आजीचाच हेवा वाटायला लागला. त्याची आजी त्याला एक अख्खा देश मिळवून देत होती. माझ्या कराडच्या आजीकडून मला आली ती फक्त गुडघेदुखी.

याया पोट धरून हसली. मग तिने माझ्या तोंडात एक बिस्किट कोंबलं आणि मला दंडाला धरून उभं केलं, कारण त्या चाकांवर मला काही उठता येईना.

मंडळाने सत्कार केलाच, तोही झूमवर, ‘कोथरूडची याया’ म्हणून. ईराने वर्गात सांगितलं, “माय डॅड ट्राइड आउट फॉर ग्रीस. ॲज अ ग्रँडमा.”

आता घरी पाहुणे आले, श्रुती दारात “या, या!” म्हणाली, की आतून ईरा ओरडते, “डॅड, मम्मा तुला बोलावतेय!”

आणि खरं सांगू? मी उठतो.