बाहेरून उघडणारं दार

आमच्या मामीला सगळी गल्ली भाग्यवान समजायची. गाडी थांबली की मामा आधी स्वतः उतरायचा, पुढून वळसा घालून यायचा आणि तिच्या बाजूचं दार उघडून अदबीने उभा राहायचा. समोरच्या इमारतीतल्या बायका गॅलरीतून बघायच्या आणि आपापल्या नवऱ्यांना सुनावायच्या, "बघा, शिका काहीतरी." नुकतंच लग्न झालेल्या एका मुलीने तर मामीला गाठून विचारलं होतं, की नवऱ्याकडून एवढा मान कसा मिळवायचा. मामी हसली आणि "नशीब लागतं बाई" म्हणाली. खरी गोष्ट एवढीच होती, की ते दार आतून उघडतच नव्हतं.

मला त्या गाडीचा राग आहे आणि तो मी लपवत नाही, हे आधीच सांगून टाकते. दाराचं आतलं हँडल गाडी घेतल्यावर दुसऱ्याच महिन्यात मामीच्या हातात आलं. मामाने ते समोरच्या खणात टाकलं आणि "रविवारी बसवू" म्हणाला. त्याला अकरा वर्षं झाली. मागची दोन्ही दारं खडखडतात म्हणून तारेने बांधलेली होती. मामाच्या बाजूचं दार तो चालवताना आतून दोरीने बांधायचा; तो उतरला की ते बाहेरून किल्ली फिरवल्याशिवाय मिटून राहायचं नाही, आणि एकदा किल्ली फिरवली की आतली लॉकची खुंटी कुणाच्या बापाकडून वर यायची नाही. मामीच्या खिडकीची काच चार बोटं खाली यायची आणि तिथेच अडून बसायची.

त्यामुळे गाडी बंद पडली, म्हणजे आठवड्यातून निदान दोनदा, की क्रम ठरलेला. मामा बॉनेट उघडून आत डोकं घालायचा. दोन-चार ठिकाणी ठोकून बघायचा. मग हात पुसत यायचा, "आलोच पाच मिनिटांत" म्हणायचा, दाराला किल्ली लावायचा आणि गॅरेजवाल्याला आणायला निघायचा. गॅरेजवाला त्याचा फोन उचलायचा नाही, त्याला प्रत्यक्ष जाऊन बखोटीला धरूनच आणावं लागायचं. तोवर मामी आत. उन्हात आत, धुळीत आत, भर चौकात मागचे हॉर्न वाजवताहेत तरी आत. गाडीत बसून तिने दोन स्वेटर विणले, एकदा तापाने फणफणली, आणि माझ्या आईच्या साठीच्या जेवणाला सगळे हात धुऊन उठल्यावर पोचली.

मामाची बाजूही सांगायला हवी. तो पाणीखात्यात मीटर वाचायचा. तीस वर्षं लोकांचे जिने चढला-उतरला, कुत्री चुकवली, बंद दारांपुढे उभा राहिला. पाय कामातून गेले. मुदतीआधीच निवृत्ती घेतली त्या वर्षी त्याच्या साहेबांची बदली झाली आणि त्यांनी आपली फिक्या निळ्या रंगाची गाडी मामाला विकली. ज्या साहेबांनी तीस वर्षांत कधी खुर्ची पुढे केली नव्हती, त्यांनी किल्ली हातात ठेवली. साहेबांनी ब्याद विकली, मामाने भाग्य विकत घेतलं. घरी आणली त्या दिवशी त्याने गल्लीतल्या प्रत्येकाला एक फेरी मारून आणली. अकराव्या फेरीला ती बंद पडली, तेव्हा "दमली बिचारी" असं तो खरोखर कौतुकाने म्हणाला होता.

विकून टाक म्हटलं की मामाचा चेहरा असा व्हायचा, जणू आपण घरातलं माणूस विकायला सांगतोय. चूक झाली, हे त्याच्या तोंडून निघणं शक्य नव्हतं. पडलो तरी नाक वर.

तेही चाललं असतं. घरात एक बिघडलेली वस्तू असते, माणसं तिच्याभोवतीने चालायला शिकतात. पण मामाच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली होती. "दारात गाडी असताना माझी बायको बसला लटकत जाणार? लोक काय म्हणतील?" म्हणजे गाडी नव्हती तेव्हा मामी कुठेही जाऊ शकायची, आणि गाडी आल्यापासून तिचं जाणं-येणं गाडीच्या मर्जीवर. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो असा. तक्रार करावी तर लोक म्हणणार, नवरा गाडीतून फिरवतो, अजून काय हवं हिला?

मामीचा हात कापडावर बसलेला आहे. खडूने दोन रेघा मारते आणि कापड जणू स्वतःहून कापलं जातं. शर्टांच्या एका दुकानात ती कापड बेतायची. गाडी आल्यावर मामा तिला सोडू लागला. दुकानाच्या मालकिणीने महिनाभर उशीर सोसला, दुसऱ्या महिन्यात हात जोडले. मामी घरी बसली. शेजाऱ्यांच्या पडद्यांना टिपा घालत तिने जवळजवळ अकरा वर्षं काढली. त्या वर्षांत ती बारीक आवाजात बोलायला लागली, हे मला फार उशिरा लक्षात आलं.

मग बावन्नाव्या वर्षी तिला नदीपलीकडच्या तयार कपड्यांच्या कारखान्यात काम मिळालं. नव्या मुलींना बेतायला शिकवायचं. परीक्षा म्हणून सुपरवायझर बाईंनी मुद्दाम वीतभर कमी कापड दिलं आणि त्यात शर्ट बसवायला सांगितला. मामीने कॉलरची आतली बाजू दोन तुकडे जोडून काढली आणि वाचलेल्या कापडात दोन्ही बाह्या बसवल्या. त्या संध्याकाळी तिने मला फोन केला तेव्हा तिचा आवाज इतका मोठा होता, की मी विचारलं, "मामी, तूच ना?"

नियम कडक होते. साडेआठला फाटक बंद. पहिले तीन महिने कच्ची नोकरी, आणि त्यात तीनदा उशीर झाला की घरी. कोपऱ्यावरच्या स्टॉपवरून थेट बस होती, कारखान्याच्या फाटकाशी सोडणारी. मामी मामाला म्हणाली, "मी बसने जाते, तुम्हाला कशाला रोज त्रास." मामा म्हणाला, "त्रास कसला? बायकोला सोडायला जायचं सोडून मला दुसरा उद्योग काय आहे?" पहिल्याच आठवड्यात सिग्नलला पंप गेला. एक उशीर. मग गाडी बंद पडायची ती नशिबाने परतीच्या वाटेवर. दीड महिन्याने पुन्हा सकाळीच पट्टा तुटला. दुसरा. त्यानंतर मामी रात्री उठून पाणी प्यायची आणि खिडकीतून खालच्या गाडीकडे बघत उभी राहायची. "आजारी माणसाकडे बघावं तशी," असं मामाच मला कौतुकाने सांगत होता. याला काय म्हणावं!

तीन महिने भरायला सतरा दिवस उरले होते त्या सकाळी गाडी पुलावर बंद पडली. आठला दहा कमी होते. मामाने डोकं घातलं, ठोकलं, हात पुसले. "आलोच पाच मिनिटांत." किल्ली फिरली.

पुढचं मला मामीने सांगितलं. मांडीवर पर्स, शेजारी डबा. समोर चाळीस पावलांवर पुलाच्या टोकाचा बसस्टॉप तिला स्पष्ट दिसत होता. एक बस आली, माणसं चढली, गेली. आठ मिनिटांनी दुसरी आली, गेली. अजून एक येणार होती, तीत चढलं तरच फाटक गाठता येणार होतं. तिने दारावर खांदा दाबून पाहिला, काच ओढून पाहिली. हे ती अकरा वर्षांत हजारदा करून चुकली होती. तेवढ्यात खांद्यावर शिडी घेतलेला एक रंगारी फुटपाथवरून चालला होता. मामीने त्या चार बोटांच्या फटीतून चार बोटं बाहेर काढली आणि हाक मारली, "अहो भाऊ!"

तो थांबला. "काय झालं बाई?"

"एवढं दार उघडता का?"

"किल्ली कुठाय?"

"किल्ली नको. नुसतं ओढा."

त्याने शिडी खाली ठेवली, दार ओढलं. उघडलं.

"एवढंच?" तो म्हणाला.

"एवढंच," मामी म्हणाली.

"किती वेळ बसलाय आत?" असं त्याने विचारलं तेव्हा 'अकरा वर्षं' अगदी ओठांवर आलं होतं, असं ती सांगते. पण परक्या माणसाला कशाला, म्हणून "झाली वीस मिनिटं" म्हणाली आणि धावत सुटली. डबा सीटवर राहिला, दार तसंच सताड. बस मिळाली. फाटक बंद व्हायला तीन मिनिटं असताना ती आत होती.

आता यात न समजण्यासारखं काय आहे? रस्त्यावरचं कोणीही ते दार उघडू शकत होतं. पण हाक मारायची म्हणजे नवऱ्याने कोंडून ठेवलंय हे चारचौघांत सांगायचं, आणि मामी घरातलं बाहेर काढणारी बाई नाही. आम्हा सगळ्यांना ते माहीत होतं. आम्ही जेवणाच्या पंगतीत त्या दारावर विनोद करायचो. मीही केलेत.

साडेआठच्या सुमारास माझा फोन वाजला. मामा. "तुझी मामी..." एवढंच बोलला आणि मग नुसता वारा ऐकू येत राहिला.

"काय झालं मामीला?"

"गाडीत नाही. दार सताड उघडं आहे. डबा तसाच आहे. मी खाली बघितलं, काही दिसत नाही."

"खाली कुठे?"

"पाण्यात."

मी लगेच मामीला फोन लावला, ती उचलेना. कारखान्यात मोबाइल फाटकावरच जमा करून घेतात हे त्या घाईत मला आठवलं नाही. शेवटी ऑफिसचा नंबर शोधून लावला. तिथली मुलगी म्हणाली, "त्या आत शिकवताहेत. काही निरोप?" मी म्हटलं, "नाही, काही नाही," आणि फोन ठेवून ढसाढसा रडले. मग मामाला कळवलं, की ती कामावर आहे, बसने गेली.

त्याने गाडीचं दार आपटलेलं मला ऐकू आलं. मग म्हणाला, "पण दार कुणी उघडलं?"

"कुणीही उघडलं असतं, मामा!" मी ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्यावर ओरडले.

गॅरेजवाल्याने मला नंतर सांगितलं, की मामा कठड्यावरून इतका वाकला होता की त्याला मागून शर्टाला धरून ठेवावं लागलं. ते ऐकून मला दया आली, खोटं कशाला बोलू? पण एक गोष्ट डोक्यातून जाईना. बायको सुखात आहे असं ज्याला खरंच वाटतं, तो मोकळी गाडी बघून आधी बसस्टॉपकडे बघेल. मामाने आधी पुलाखाली बघितलं. म्हणजे त्याला सगळं माहीत होतं.

संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले. मामा बाहेरच्या खोलीत पायात बूट तसेच ठेवून बसला होता. मामी आली, पर्स खुंटीला अडकवली, पाणी प्यायली.

"मी खाली पाण्यात बघितलं," मामा म्हणाला.

"अहो, मी काय जीव देणारी बाई आहे का?"

"नाहीस. पण मला आधी तेच सुचलं."

मामी त्याच्यासमोर स्टुलावर बसली. मला वाटलं, झालं, आता ही विरघळणार आणि उद्या पुन्हा त्या खटाऱ्यात जाऊन बसणार. माझ्या डोळ्यांत पाणी आणि मनात शिव्या, दोन्ही एकदमच होतं.

"का सुचलं?" मामीने विचारलं. बारीक आवाज नव्हता तो.

मामा बुटांकडे बघत राहिला. "तू माझ्या जागी असतीस तर तुलाही सुचलं असतं," म्हणाला.

"मग उद्यापासून मी बसने जाईन."

"लोक विचारतील."

"मला विचारतील. मी सांगेन काय सांगायचं ते."

मामाने मान हलवली, ती हो होती की नाही ते मला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला मामी जिना उतरली तेव्हा मामा गाडीत बसलेला होता. काच पुसलेली, तिची सीट झाडलेली. तिने त्याच्याकडे पाहिलं, त्याने समोर पाहिलं. ती गाडीला वळसा घालून कोपऱ्याकडे चालू लागली. दहा पावलं गेली असेल नसेल, तोच मागे गाडी सुरू झाली. पहिल्या झटक्यात. अकरा वर्षांत जे झालं नाही ते त्या सकाळी झालं, आवाजही कसा, अगदी नव्यासारखा गोल. पाय थांबले होते, असं मामी कबूल करते. वाटलं, एकदा मागे बघावं, बिचारा एवढा पहाटे उठून बसलाय. हॉर्न मात्र त्याने वाजवला नाही.

ती पुढे चालू लागली. कोपऱ्यावर पोचेपर्यंत मागचा आवाज थांबला. गाडी बंद पडली, की मामाने बंद केली, हे मामीने त्याला आजपर्यंत विचारलेलं नाही.